भोर-वेल्ह्याच्या देवराया आणि हवेतला कार्बन

पानशेतच्या मागं किंवा हिरडस मावळात फिरताना उघड्या डोंगरउतारावर मध्येच दाट, काळपट हिरवा ठिपका दिसतो. ती देवराई. देवाचं रान, म्हणून कुऱ्हाड बंद! माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा रायांचा अभ्यास केला. सह्याद्रीतल्या देवरायांवरचा त्यांचा लेख १९७६ साली आला.

आता हवामानाचं गणित बघा. वाळलेल्या लाकडाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि १ किलो कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. राईतला हिरडा, जांभूळ, आंबा, झाडांवर चढलेली जाडजूड गारंबी यांतला कार्बन सगळा हवेतून उचललेलाच. शिवाय पालापाचोळ्याखालच्या मातीतही कार्बन साठतो. तीच माती पाऊस मुरवते, धूप रोखते. खाली भाटघर, पानशेत, वरसगाव ही धरणं आहेत, म्हणजे धरणात जाणारा गाळ कमी करण्याचं काम वरचं रान फुकटात करतंय.

म्हणून मला पावसाळी वृक्षारोपणाच्या फोटोंचं फार कौतुक नाही. ओळीनं गिरिपुष्पं लावा हवी तर, पण उभी राई आधी सांभाळा. जुनं झाड तोडलं की साठलेला कार्बन पुन्हा हवेत जायला लागतो, रोपाला तेवढा साठवायला कैक दशकं लागतात.

धोके दोन: उन्हाळ्यातले वणवे आणि देवळाचा जीर्णोद्धार. जुनं छोटं ठाणं पाडून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, सोबत रस्ता, पार्किंग. वणव्यासाठी मात्र सोपा उपाय आहे: पावसाळा संपला, गवत वाळायला लागलं की राईभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढायची.