पिनच्या इशाऱ्यावर पंप

आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. ४० ही कमाल मर्यादा, तिथवर जाऊच नये. १२ व्होल्टचा छोटा पंप मात्र सहज २ अँपिअर ओढतो. म्हणून पिनने फक्त इशारा द्यायचा आणि प्रवाहाचा भार मॉस्फेटने पेलायचा. पंपाची एक वायर थेट १२ व्होल्टला, दुसरी मॉस्फेटच्या ड्रेनला. सोर्स ग्राउंडला, गेट पिनला.

मॉस्फेट निवडताना घाई नको. आयआरएफ५४० सहज मिळतो, पण तो पूर्ण चालू व्हायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर तो अर्धवट चालू राहून तापू शकतो. आयआरएलझेड४४एन घ्या. ५ व्होल्टवर त्याचा रोध सुमारे ०.०२५ ओहम, म्हणजे २ अँपिअरला जेमतेम ०.१ वॉट उष्णता. हीटसिंकही लागत नाही.

गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर बोर्ड सुरू होताना पंप मनानेच चालू होऊ शकतो. बोर्ड आणि पंप या दोन्हींच्या पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडा. आणि पंपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड हवाच, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. पंप बंद होताना मोटरच्या गुंडाळीतून उसळणारं व्होल्टेज त्याच्यावाचून मॉस्फेट जाळू शकतं.