आपल्याच रक्तातले राखणदार

कर्करोग म्हटलं की आपल्या बीडकडे घरात एकदम शांतता पसरते. ‘आता मुंबई गाठायची,’ एवढंच कुणीतरी म्हणतं. त्याच मुंबईत, पवईच्या आय.आय.टी.मध्ये, डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर एक उपचार सिद्ध केला आहे. मैत्रिणींनो, तो आपणही समजून घ्यायला हवा.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ‘टी’ पेशी असतात. शत्रू शोधून मारणं हे त्यांचं काम. पण कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली. घरातलाच चोर तो, चटकन कसा ओळखू येणार? म्हणून रुग्णाच्या रक्तातून या टी पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग रोगी पेशीवरची ‘सीडी-१९’ ही खूण त्यांना ओळखता येते. चमचाभर विरजणातून पातेलंभर दही व्हावं तशा त्या वाढवायच्या आणि शिरेतून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. याला म्हणतात कार-टी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. चाचण्यांत शंभरातल्या सुमारे ७३ रुग्णांना त्याचा गुण आला. परदेशात यासाठी कोटींनी पैसे लागतात, इथे लाखांत भागतं. अर्थात तेही आपल्यासारख्यांना काही थोडे नव्हेत!

शिवाय हा उपचार आहे रक्ताच्या काही कर्करोगांसाठी, तोही आधीचे उपचार थकल्यावर. आपल्या भागातल्या बायकांना गाठतो तो गर्भाशयाच्या मुखाचा नि स्तनाचा कर्करोग. तिथे कार-टीची वाट बघत बसायचं कारण नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाची एच.पी.व्ही. तपासणी ज्या गटात एकदाच झाली, त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

तेव्हा अंगावरून घाण वासाचं पाणी जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय, स्तनात गाठ लागतेय, तर ‘उसतोडीहून आल्यावर बघू’ म्हणू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका. तिशी उलटली की काही त्रास नसतानाही जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीचं विचारा. एकटीला लाज वाटते ना? मग जावेला, शेजारणीला बरोबर घ्या. दोघींचंही काम होईल.