तुसाच्या राखेतले सात गुंठे

तळोजा हा मूळचा भातशेतीचा मुलूख. आज तिथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. शेत आणि कारखाना या दोन्हींकडे सापडणारा पदार्थ म्हणजे सिलिका, वाळूतले मुख्य द्रव्य. भाताचे रोप ती जमिनीतून घेते आणि तुसात साठवते. तूस जाळले की सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. त्या राखेत शेकडा 90 च्या आसपास सिलिकाच असते.

औषधाच्या बाटलीतली पांढऱ्या मण्यांची पुडी आपण पाहिली असेल. तीही सिलिकाच. मग वाळू ओल धरून ठेवत नाही आणि हे मणी ठेवतात, ते का? मण्यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती पसरल्या, तर सहा-सात गुंठे भरतील!

ही छिद्रे कोणी कोरत नाही. राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली की सिलिका विरघळते. त्यात आम्ल घातले की तिचे बारीक गोल कण बनतात. द्रावण थोडे अल्कधर्मी आणि क्षार कमी, तर कण एकमेकांना दूर सारतात व सुटे वाढतात. आम्ल किंवा क्षार वाढले, की ते चिकटतात. त्यांच्या माळा होतात, माळांचे जाळे होते आणि दूध विरजावे तसे सारे घट्ट होते. पुढे पाणी वाळते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. मात्र वाळताना पाणी भिंतींना आत ओढते, म्हणून जाळे आक्रसते.

छिद्रांना हवा तो आकारही देता येतो. वीटवाले चिखलात तूस मिसळतात. भट्टीत ते जळते व विटेत छिद्रे राहतात. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत हेच काम साबणासारख्या रेणूंनी केले. त्यांच्या कांड्यांभोवती सिलिका जमली, कांड्या जाळल्या, आणि मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे उरली.

आता महत्त्वाचे. तूस साधारण 700 अंशांच्या आत जाळले, तर सिलिका सच्छिद्र राहते. आच फार चढली, तर ती स्फटिक बनू लागते आणि छिद्रे मिटतात. अशी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. म्हणून गिरणीच्या भट्टीतली राख काढताना ती आधी पूर्ण थंड होऊ द्या, मग पाणी शिंपडा आणि धुळीचा मास्क लावा. नुसता पंचा पुरत नाही.

गुरुजी, पांढरे मणी तव्यावर मंद तापवून तोला, पावसाळ्यात रात्रभर उघडे ठेवा आणि पुन्हा तोला. वाढलेले वजन हवेतल्या पाण्याचे. निळे मणी मात्र मुलांच्या हाती देऊ नका. त्यांत बहुधा कोबाल्टचा विषारी क्षार असतो.