नावडीचे व्याकरण : बालकाच्या अन्नस्वीकाराविषयी काही विचार

दोन ते सहा वर्षांच्या बालकांविषयी वडीलधाऱ्यांच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत ‘मूल काही खात नाही’ ही तक्रार अग्रभागी असते. वरवर पाहता हा विषय बालरोगचिकित्सेचा किंवा पाकशास्त्राचा. भाषेच्या अभ्यासाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न सहज उद्भवेल. तथापि ज्या वाक्यातून ही तक्रार व्यक्त होते ते वाक्यच तपासून पाहिले, तर अडचणीचा निदान काही भाग त्या वाक्याच्या घडणीत दडलेला आहे असे दिसून येते. प्रस्तुत लेखात प्रथम या घडणीचा, नंतर बालकाच्या नकाराच्या कारणांचा आणि शेवटी नव्या अन्नाची गोडी क्रमाक्रमाने कशी लावता येते याचा विचार केला आहे. उदाहरणे पनवेल व आसपासच्या प्रदेशातील आहारातून घेतली आहेत.

१. दोन वाक्ये

‘ती भाजी खात नाही’ आणि ‘तिने आज भाजी खाल्ली नाही’ ही दोन वाक्ये बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी वापरली जातात. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. दुसरे वाक्य एका घटनेचे निवेदन करते. पहिले वाक्य स्वभावाचे विधान करते; त्यातील क्रियापद रीतिवर्तमानाचे असून त्याला काळाची मर्यादा नाही. सोमवारी नाकारलेला एक घास गुरुवारपर्यंत या वाक्याच्या साहाय्याने स्वभाव होऊन बसतो. पाहुण्यांसमोर त्याचा पुनरुच्चार होतो, मूल तो ऐकते, आणि अखेर ती भाजी त्याच्या ताटात येणेच थांबते. जे ताटात येत नाही त्याची परीक्षा पुन्हा होत नाही, आणि म्हणून ते विधान खोटेही ठरत नाही.

‘आवडणे’ या क्रियापदाची रचना याहून अधिक उद्बोधक आहे. ‘मी भाजी खातो’ या वाक्यात खाणारा कर्ता आहे. ‘मला भाजी आवडते’ यात मात्र तो चतुर्थीत जातो आणि भाजी ही प्रथमेत येते. ‘चव लागते’, ‘गोडी लागते’ या प्रयोगांतही माणूस अनुभव घेणारा असतो, करणारा नसतो. ‘खा’ असे आज्ञार्थी रूप मराठीत आहे. ‘आवड’ असे आज्ञार्थी रूप कोणी वापरीत नाही. खाण्याची आज्ञा करता येते, आवडण्याची करता येत नाही, ही गोष्ट भाषेने आपल्या व्याकरणातच नोंदवून ठेवली आहे. वडीलधाऱ्यांचा खरा हेतू मात्र मुलाला अन्न आवडावे हा असतो. आज्ञेने जे साधत नाही ते आज्ञेने मिळवण्याचा प्रयत्न हेच ताटावरील बहुतेक कलहांचे मूळ होय.

२. नकाराची कारणे

गोड चवीची ओढ आणि कडू चवीचा तिटकारा या प्रवृत्ती नवजात अर्भकातही आढळतात. निसर्गातील पुष्कळ विषारी द्रव्ये कडू असतात. तेव्हा हा तिटकारा निरर्थक नव्हे. पुढे मूल चालू लागले, हाती येईल ते तोंडात घालू लागले, की त्याच्या ठिकाणी नव्या अन्नाविषयी साशंकता उत्पन्न होते. सामान्यतः दोन ते सहा या वयात ती सर्वाधिक असते आणि नंतर ओसरत जाते. ती हट्टाचे लक्षण नाही. मिश्राहारी प्राण्याच्या आत्मरक्षणाचे साधन आहे.

या साशंकतेचे मर्म पनवेलच्या बाजारात सहज उमगते. पावसाच्या आरंभी तेथे आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या विकावयास आणतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजवलेले शेवळ घसा खाजवते. म्हणून त्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालण्याची रीत आहे. रानातील अपरिचित वस्तू बेधडक खाणे धोक्याचे, आणि जाणत्या हातांनी सिद्ध केलेली तीच वस्तू रुचकर, हे दोन्ही धडे या एका भाजीत एकवटले आहेत. मुलाचा नकार हा पहिला धडा होय. दुसरा शिकवणे हे मोठ्यांचे काम.

३. प्रयोगांची साक्ष

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मूलगामी काम केले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांपुढे काही नवे पदार्थ दोन वेळा, काही पाच, काही दहा, पंधरा व वीस वेळा ठेवले गेले. जो पदार्थ अधिक वेळा चाखला गेला तो अधिक आवडता ठरला. नुसते पाहण्याने चवीची आवड वाढत नाही, चाखावे लागते, हे १९८७ च्या अभ्यासातून स्पष्ट झाले. याउलट १९८४ मध्ये असे आढळले की, एखादा पदार्थ संपवल्याबद्दल बक्षीस दिले असता त्या पदार्थाची आवड घटते. या निष्कर्षांपुढे घरोघरचा अनुभव ठेवून पाहिला, तर दोन-तीन नकारांनंतर निराश होणारे पालक वेळेच्या फार आधी माघार घेतात हे उघड आहे. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, चिमूटभर नमुना पुढे ठेवण्याची तयारी हवी.

४. रूढी आणि बालभाषा

हे तत्त्व मराठी समाजाला सर्वस्वी अपरिचित होते असे नाही. उष्टावणाचा विधी पाहावा. ‘उष्टे’ हा शब्द संस्कृत ‘उच्छिष्ट’ यापासून आलेला. मामाच्या मांडीवर बसलेल्या बालकाच्या ओठांना खिरीचे बोट लागले की विधी पूर्ण होतो. वाटी रिकामी होण्याची अट नाही. पहिला परिचय स्पर्शापुरता असावा, ही दृष्टी त्यात गर्भित आहे.

भरवण्याच्या वेळची भाषाही लक्षणीय आहे. अशोक रा. केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बालभाषेचे वर्णन ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. ‘मंमं’सारख्या शब्दातील ओष्ठ्य अनुनासिकाचा संबंध रोमान याकोबसन यांनी स्तनपानसमयी तोंड बंद असताना निघणाऱ्या अनुनासिक हुंकाराशी जोडला होता. चिऊचा घास, काऊचा घास या खेळात तर घासाचे लहान तुकडे, नामकरण आणि सोबत या तिन्हींचा उपयोग होतो. मात्र पोट भरल्याची खूण मुलाने केल्यानंतरही गोष्ट चालू ठेवून घास कोंबला जात असेल, तर त्याच खेळाचे बळजबरीत रूपांतर होते.

‘खाऊ’ या शब्दाविषयी सावधगिरी हवी. ‘भाजी संपव, मग खाऊ देईन’ या वाक्याने भाजी ही शिक्षा आणि खाऊ हे बक्षीस अशी प्रतवारी मुलाच्या मनात ठरते. १९८४ चा वर उल्लेखिलेला निष्कर्ष याच वाक्यावरील भाष्य म्हणता येईल.

५. क्रम

दोन शब्दांत एकाच ध्वनीचा भेद असला, जसे ‘पान’ आणि ‘मान’, तर त्यांना भाषाशास्त्रात लघुतम युग्म म्हणतात. अन्नाच्या बाबतीतही एका वेळी एकच भेद करावा. केवळ तूप-मीठ-भात खाणाऱ्या मुलापुढे एकदम वालाचे बिरडे ठेवणे म्हणजे रंग, चव, स्पर्श आणि वास हे सारे एकदम बदलणे होय. त्याऐवजी भातावर साधे वरण. तोच भात ठेवून फोडणीचे वरण. मग त्यात मऊ शिजलेले थोडे मूग. नंतर मुगाच्या जागी सोललेल्या वालाचे दोन दाणे, असा क्रम लावता येतो. कडवे वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सोलले जातात; गूळ, आमसूल व ओले खोबरे यांनी त्यांचा कडवटपणा सौम्य होतो. सोलण्याच्या कामात मुलाला बसवून घेतल्यास दाण्याचा परिचय ताटाआधी हाताला होतो.

पनवेल परिसरात कोकणी घरांबरोबर देशावरून आलेली घरेही पुष्कळ आहेत. एका घरी ‘भाकरी’ म्हणजे तांदळाची, दुसऱ्या घरी ज्वारीची. नाव एक आणि वस्तू दोन, अशा वेळी नावाचा पूल म्हणून उपयोग होतो. तांदळाच्या पिठात ज्वारीचे पीठ थोडे थोडे वाढवीत नेणे सोपे जाते. परंतु पदार्थ वेगळा असता ‘हे तेच आहे’ असे सांगणे टाळावे. फसगत लक्षात आली की मूल ओळखीच्या अन्नाकडेही संशयाने पाहू लागते.

सोबतीचे महत्त्व हिवाळ्यातील पोपटीत दिसते. वालाच्या शेंगा ओवा-मिठासह भांबुर्ड्याच्या पाल्यात ठेवून मडके उपडे करतात व भोवती जाळ घालतात. मडके उघडल्यावर सारेच त्यातून खातात. मुलाकडे कोणी रोखून पाहत नाही. इतरांना आनंदाने खाताना पाहणे आणि स्वतःवर लक्ष नसणे या दोन्ही गोष्टी मुलाला धीर देतात.

काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे, अशी विभागणी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचवली आहे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, मधल्या वेळी दूध-बिस्किटांनी भूक मारू नये, आणि ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ असावा, म्हणजे ही विभागणी पाळता येते.

६. मर्यादा

सर्वच नकार या चौकटीत बसत नाहीत. वजन घटणे किंवा न वाढणे, गिळताना ठसका वा वेदना, वारंवार उलटी, स्वीकारलेल्या पदार्थांची संख्या कमी कमी होत जाणे, ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब बालरोगतज्ज्ञाकडे जावे. अन्न टाळण्याच्या तीव्र विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले आहे. तेथे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत. तसेच चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांसारखे पदार्थ देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

सामान्य नकाराच्या बाबतीत मात्र आरंभ वाक्यापासून करता येतो. ‘खात नाही’ याच्या जागी ‘आज खाल्ले नाही’ असे म्हटल्याने भाजी रुचकर होत नाही. पण ती उद्या पुन्हा ताटात येण्याचा मार्ग मोकळा राहतो, आणि मुलाला स्वतःविषयीचे एक कायमचे विधान वाहत बसावे लागत नाही. गोडी ‘लागते’, ती लावून घेता येत नाही. तिला लागण्यास अवसर देणे एवढेच वडीलधाऱ्यांच्या हाती असते.