सावलीतही पोचणारं ऊन

मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे १४४ कलम लागू केलं. चर्चा झाली ती पाऱ्याची. पण वेधशाळेचा तापमापक हवेशीर पेटीत, सावलीत असतो. वावरात धसकटं वेचणाऱ्या बाईच्या अंगावर पडणारं ऊन त्यात धरलेलंच नसतं. याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली मांडलेला निर्देशांक ही उणीव भरून काढतो. त्यात ओल्या कापडाच्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि हवेच्या तापमानाला १०. गोळा नसेल तिथे त्याचं तापमान गणिताने काढावं लागतं, आणि त्यासाठी ऊन थेट किती आणि धूळ-ढगांमुळे विखुरलेलं किती, हे कळायला हवं.

विखुरलेलं ऊन सौम्य, त्याची एवढी चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. पण एर्ब्झ आणि सहकाऱ्यांचं १९८२चं सूत्र मेमधल्या भर दुपारी लावून पाहा. वातावरणाबाहेरच्या उन्हापैकी ७० टक्के जमिनीवर पोचलं, तर दर चौरस मीटरला सुमारे ९३० वॅट मिळतात. त्यातले विखुरलेले सुमारे २२५. आभाळ धुरकट होऊन ६० टक्केच पोचलं, तर एकूण ऊन ८००वर उतरतं, विखुरलेलं मात्र ३५०वर चढतं. म्हणजे उघड्यावरचा भार घटतो आणि बाभळीच्या विरळ सावलीत बसलेल्याचा वाढू शकतो. शिवाय मेच्या त्या आठवड्यात वऱ्हाडात सूर्य माथ्यावर येतो. उभ्या माणसाचं डोकं-खांदेच थेट उन्हात सापडतात, आभाळाचं आणि तापल्या मातीवरून परतलेलं ऊन मात्र सर्वांगाला लागतं.

ही सूत्रं परदेशी नोंदींवरून बेतलेली आहेत, हा आक्षेप खरा आहे. वऱ्हाडातल्या धुळीला ती किती लागू पडतील, हे मोजल्याशिवाय ठरणार नाही. पण म्हणून अंदाजच नको, हे मला पटत नाही. ॲना मणी यांनी पुण्याच्या वेधशाळेत राहून देशभर सौर प्रारण मोजण्याचं जाळं उभारलं आणि १९८०मध्ये त्या नोंदींचा ग्रंथ सिद्ध केला. तो वारसा आपलाच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि अमरावतीत सूर्यबिंब झाकणारी पट्टी लावलेल्या प्रारणमापकाच्या नोंदी नियमित व्हाव्यात, आणि उष्म्याच्या इशाऱ्यात त्या धराव्यात. तोवर मजुरांच्या विसाव्यासाठी हिरवी जाळी ताणून भागवू नका; दाट कडुनिंब किंवा बाजूंनीही आडोसा असलेला मांडव द्या.