सायकलप्रवासातील ओझे
कोकणातून घाट चढून देशावर येऊ इच्छिणाऱ्या सायकलस्वाराने हे ध्यानी धरावे की, सपाट रस्त्यावर वाऱ्याचा अवरोध हाच मुख्य शत्रू असला, तरी चढावर श्रम एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतात. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलो भरत असतील, तर ५ किलो वगळल्याने हे श्रम सुमारे ५ टक्क्यांनी घटतात. पाठीवरची पिशवी घामाने भिजते व गुरुत्वमध्य वर नेते, म्हणून ती वर्ज्य. त्यापेक्षा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, आसाच्या शक्य तितक्या निकट, समभार पिशव्या लटकवाव्यात, मात्र पेडल मारताना टाच त्यांस अडणार नाही याची तजवीज करावी. जाड टॉवेलाऐवजी चटकन वाळणारा पंचा घ्यावा. हलकेपणाच्या नादात पंक्चरचे साहित्य घरी ठेवणारे महाभागही आढळतात. त्यांची रवानगी बहुधा टेम्पोतून होते.