दारू थांबवणे आणि थांबलेली टिकवणे

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात शिक्षकाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, पत्ते विचारायला येतात. कधीतरी एखाद्या विद्यार्थ्याची आई दबक्या आवाजात वेगळेच विचारते : "गुरुजी, ह्यांची दारू सुटायला काही उपाय आहे का?" शिक्षक डॉक्टर नसतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ असावे, असे आम्हांला वाटते.

प्रथम मेंदूत काय घडते ते पाहू. मेंदूतील पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. 'गाबा' हे रसायन पेशींना शांत करते, 'ग्लुटामेट' उत्तेजित करते. अल्कोहोल गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. रोजच असे होऊ लागले, की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा मंद होते, उत्तेजक यंत्रणा जोर धरते. अशा माणसाची दारू एकदम बंद झाली, तर दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसे होते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला देवापुढे शपथ घालून एका रात्रीत दारू बंद करायला लावणे किंवा घरात कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टर. औषधे आणि ब१ जीवनसत्त्व देऊन हा काळ बहुधा आठवडाभरात सुखरूप पार पडतो. भिंतींवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांपासून दूरच राहावे. डायसल्फिरामसारखे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्याल्यास रक्तदाब कोसळू शकतो. ते नकळत देणे म्हणजे जिवाशी खेळ.

पण शरीर सावरले म्हणजे काम संपले नाही. तीच संध्याकाळ, तोच नाका, तेच सोबती, आणि ओढ पुन्हा जागी होते. येथे समूहाची गरज लागते.

1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त, एकमेकांना भेटले. दुसऱ्या मद्यासक्ताशी बोलत राहिले की आपली ओढ आवरते, हा त्यांचा अनुभव होता. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. उभी राहिली. भारतात ती 1957 साली आली. 2020 मध्ये कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांवर व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांपैकी शंभरात सुमारे 42 जण वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त होते. अन्य उपचार घेतलेल्यांत 35. फरक जादूचा नाही, पण ए.ए.ला एक पैसाही फी लागत नाही, हे विसरू नये.

सभा तासा-दीड तासाची असते. फक्त पहिले नाव सांगायचे. एकजण आपला अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी उपदेश करीत नाही. नवख्याने गप्प बसले तरी चालते. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. 'खुल्या' सभेला नातेवाईक आणि शिक्षकही जाऊ शकतात, 'बंद' सभा फक्त मद्यासक्तांसाठी असते. पहिल्या सभेवरून मत बनवू नये; तीन-चार वेळा तरी जावे. ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो. तो प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावा, असे ए.ए. स्वतःच म्हणते.

समूह शोधायचा कसा? 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची, अशा दोन निःशुल्क सरकारी दूरध्वनीसेवा आहेत. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारावे. सभांचे ठिकाण व वार ए.ए.च्या मुंबई कार्यालयाकडून कळतात. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठीही 'सहचरी' गट आहे. घरच्यांची दमछाक वेगळीच असते, त्यांनाही बोलायला जागा हवी.

खेड्यात नाव झाकून राहत नाही. चावडीजवळच्या सभेला जाताना दहाजण पाहणार. त्यामुळे टेंभुर्णीच्या माणसाला जालन्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची सभा अधिक मोकळी वाटू शकते. मात्र सभा संध्याकाळची असेल, तर परतीची शेवटची एस.टी. आधी पाहून ठेवावी. याच कारणाने दुसऱ्या आठवड्यात जाणे सुटू शकते. 2020 नंतर फोनवरच्या सभाही रूढ झाल्या आहेत. आडगावच्या माणसाला त्यांचा उपयोग होतो.

गावातच दोन-तीन जण तयार झाले, तर तेवढ्यांचाही समूह होतो. त्यांना लागते आठवड्यातून एकदा एक खोली, चार सतरंज्या आणि दार लोटून घेण्याची मुभा. शाळा सुटल्यावर रिकामा पडलेला वर्ग मुख्याध्यापकांच्या परवानगीने मिळू शकतो. जागेचे थोडे भाडे ते स्वतःहून देऊ करतील, कारण बाहेरच्या देणग्या न घेता आपला खर्च आपण भागवावा असा ए.ए.चा दंडक आहे. ते घ्यावे.